हमखास हत्ती, हमखास वाघ

बापूशेठ सहकुटुंब थायलंडला निघाले आहेत, ही बातमी त्यांनी प्रत्येकाला स्वतंत्रपणे गाठून आणि ‘इतक्यात कोणाला बोलू नका’ असे बजावून सांगितलेली असल्यामुळे नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेरील आमच्या कट्ट्यावर ती सर्वांनाच ठाऊक होती. रविवारी त्यांनी सहलीची कार्यक्रमपत्रिका मोबाइलवर उघडली आणि चौथ्या दिवसावर बोट ठेवून मोठ्याने वाचून दाखवली: ‘हत्तींसोबत आंघोळ, चिखलस्नान व फोटो. स्वारी नाही. शंभर टक्के प्राणिस्नेही.’ शेठ भद्रकालीतले हार्डवेअरचे व्यापारी आहेत आणि ‘शंभर टक्के’ हे शब्द त्यांच्या दुकानातल्या प्रत्येक तोटीच्या खोक्यावरही छापलेले असतात, याची येथे नोंद घ्यायला हवी.

“म्हणजे आता तुम्हा लोकांना तक्रारीला जागाच नाही,” शेठ विजयी मुद्रेने म्हणाले. “हत्तीवर बसायचे नाही, त्याला मारायचे नाही. उलट आपण त्याची सेवा करायची. अंग चोळून द्यायचे. गणपतीच तो!”

“शेठ, आंघोळ हत्तीला हवी आहे की तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारले.

आमच्या डॉक्टर माणसांच्या नव्हेत. निफाड आणि सिन्नर भागात पशुधन विकास अधिकारी म्हणून त्यांची सारी नोकरी गेली, आणि जनावराविषयी गहिवरून बोलणाऱ्या माणसांचा त्यांना मनस्वी कंटाळा आहे. त्या स्वतः कधी गहिवरत नाहीत. म्हणूनच त्यांचे म्हणणे मला नेहमी पटते.

“घरची म्हैससुद्धा परक्या माणसाला कासेला हात लावू देत नाही,” त्या पुढे म्हणाल्या. “आणि चार टनांचा हत्ती रोज सकाळपासून नव्या पन्नास माणसांना अंगाशी येऊ देतो, पाण्यात आडवा हो म्हटले की होतो, सोंड वर कर म्हटले की करतो. हे त्याला कोणी आणि कसे शिकवले असेल, हा प्रश्न तुम्हाला पडत नाही? इंजेक्शन द्यायचे तर आम्ही गाईला पाच मिनिटे खोड्यात घालतो, तेवढ्यात ती थरथरते. तिकडे हत्तीचे पिल्लू आईपासून तोडून अशाच अरुंद लाकडी खोड्यात दिवसेंदिवस बांधून ठेवण्याची जुनी रीत आहे. उपाशी ठेवायचे, अंकुशाने टोचायचे, माणसापुढे त्याचे काही चालत नाही हे त्याच्या अंगात भिनेपर्यंत. त्याला ते लोक फाजान म्हणतात. पाठीवर बसू देणारा हत्ती आणि आंघोळ घालू देणारा हत्ती, दोघेही त्याच शाळेतून बाहेर पडलेले असू शकतात. तुम्ही फक्त पाठीवरून उतरून पोटाशी उभे राहिलात.”

नाना मध्येच म्हणाले की, निदान आंघोळीने हत्तीचे अंग तरी स्वच्छ होत असेल. त्यावर डॉक्टरांनी सांगितले की, हत्ती आपली आंघोळ आपण करतो आणि लगेच अंगावर माती उडवून घेतो, कारण ऊन आणि किडे यांपासून त्याच्या कातडीचे रक्षण ती मातीच करते. दिवसातून अनेकदा ती घासून काढणाऱ्या पाहुण्यांचे त्याच्यावर काही उपकार नाहीत. धोका तर दोन्ही बाजूंना आहेच. जानेवारी २०२५ मध्ये तिकडच्याच कोह याओ याई बेटावर हत्तीला आंघोळ घालताना एका स्पॅनिश विद्यार्थिनीचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, हे शेठच्या कार्यक्रमपत्रिकेत अर्थातच नव्हते.

येथे नानांनी माधुरीचा विषय काढला. अख्खे कोल्हापूर एका हत्तिणीसाठी रस्त्यावर उतरले ते काय वेडे होते का, असा त्यांचा सवाल होता. “प्रेम खोटे होते असे मी म्हणत नाही,” डॉक्टर म्हणाल्या, “पण वर्षानुवर्षे फरशीवर उभ्या राहिलेल्या हत्तीचे तळवे प्रेमाने बरे होत नाहीत.” याच विषयावरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये नाना आणि तुषार यांनी एकमेकांशी बोलणे टाकले होते आणि चहाचे पैसेही वेगवेगळे दिले होते. चहाचे पैसे स्वतः देण्याची पाळी नानांवर पुन्हा येऊ नये, म्हणून सर्वांनी तो धागा तेथेच सोडला.

“मग माझ्या पट्टायाच्या फोटोतही तुम्हाला खोट दिसत असेल,” शेठ फणकाऱ्याने म्हणाले. हा फोटो कट्ट्यावर कोणी पाहिलेला नाही असे नाही. तो गेली कित्येक वर्षे त्यांच्या व्हॉट्सॲपवर आहे. फुलाफुलांच्या शर्टातले शेठ एका झोपाळलेल्या वाघाच्या पाठीवर हात ठेवून बसले आहेत आणि दोघांपैकी घाबरलेला कोण, हे ओळखणे कठीण नाही. डॉक्टरांनी मोबाइल हातात घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. वाघाच्या गळ्यातली साखळी मानेखालून निघून चौथऱ्यात बसवलेल्या लोखंडी कडीत अडकवलेली दिसली. तिची लांबी जेमतेम हातभर होती. म्हणजे वाघाला मान उचलता आली असती, पण उभे राहता आले नसते. फोटोच्या उजव्या कडेला एका माणसाची फक्त मूठ आली होती आणि त्या मुठीत वेताची काठी होती. इतक्या वर्षांत तो फोटो आम्ही शेकडो वेळा पाहिला असेल, पण ती मूठ कोणाच्याही नजरेस आली नव्हती.

शेठ क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “ती सुरक्षिततेसाठी असते.”

“अगदी बरोबर,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्या.”

थायलंडमधल्याच कांचनाबुरीच्या व्याघ्रमंदिराचे प्रकरण तुषारने काढले. भिक्षूंच्या सहवासात शांत झालेले वाघ पाहायला जगभरातून माणसे तेथे जात. २०१६ मध्ये सरकारने तेथून १४७ वाघ हलवले, तेव्हा फ्रीझरमध्ये ठेवलेले ४० मृत बछडे सापडले. आणि सोडवलेल्या वाघांपैकी निम्म्याहून अधिक वाघ २०१९ पर्यंत सरकारी केंद्रांत मेले, कारण जवळच्या नात्यातल्या पैदाशीमुळे त्यांच्यात आजाराशी झगडण्याची ताकदच उरली नव्हती. बछड्याला बाटलीने दूध पाजण्याचे पैसे मिळतात तोवर बछडे जन्माला घातले जातात; ते मोठे झाल्यावर कोणाला नको असतात. दक्षिण आफ्रिकेत सिंहाच्या छाव्यांचे हेच झाले. पर्यटकांनी लहानपणी कुरवाळलेले छावे मोठे झाल्यावर कुंपणाच्या आत शिकाऱ्यांना विकले जात, आणि अखेर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने बंदिस्त सिंहांचा हा धंदा बंद करण्याचे धोरण जाहीर केले.

शेठची बाजू घेण्याचे काम अशा वेळी नानांकडे येते, आणि बँकेत उभी हयात गेल्यामुळे ते ती शेठपेक्षा चांगली मांडतात. त्यांचा मुद्दा खोडून काढण्यासारखा नव्हता. थायलंडने १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली, तेव्हा ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एकदम बेकार झाले आणि पर्यटनात शिरले. २०२० मध्ये पर्यटक येईनासे झाले, तेव्हा छावण्यांना चाऱ्याचा खर्च झेपेना आणि कित्येक माहूत हत्तींना घेऊन पायी आपापल्या गावी परतले. “हत्ती दिवसाला शंभर-दीडशे किलो खातो,” नाना म्हणाले. “तुम्ही सगळे शहाणे झालात आणि कोणी गेलेच नाही, तर त्याचा चारा काय तुमचा धिक्कार भरणार आहे?”

डॉक्टरांनी हे मान्य केले आणि मला त्याचे बरे वाटले, कारण या प्रश्नाला बगल देणारे प्राणिप्रेमी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचे उत्तर असे होते की, जायचेच असेल तर जिथे हत्ती लांबून, मचाणावरून किंवा ओढ्यापलीकडून पाहायचा असतो, त्याच्या अंगाला हात लावता येत नाही आणि तो झाडीत निघून गेला तर मागे जाता येत नाही, अशा ठिकाणी पैसे द्यावेत. अशी ठिकाणे आहेत आणि ती स्वस्त नाहीत. चारा त्या तिकिटातूनही येतो. मात्र आंघोळ विकली जाते तोवर आंघोळीसाठी नवी पिल्ले तयार होत राहणार. आज आहेत त्या हत्तींना जगवणे आणि उद्याचे हत्ती घडवणे हे दोन वेगळे खर्च आहेत, आणि शेठ कोणत्या खात्यात पैसे भरतात हे त्यांनी पाहावे.

एवढे होईपर्यंत तुषार सात्त्विक समाधानाने ऐकत होता. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी, खांद्यावर हातभर लांबीची लेन्स आणि दोनदा केनियातले मसाई मारा अभयारण्य पाहिल्याचा अभिमान, असा हा आमचा तरुण सदस्य आहे. “म्हणून मी पिंजऱ्यातले काही पाहतच नाही,” तो म्हणाला. “मोकळे जंगल, मोकळे जनावर.”

“आणि मोकळ्या जनावराभोवती तुमच्या किती गाड्या होत्या?” डॉक्टरांनी विचारले.

तुषारने आकडा सांगण्याचे टाळले. एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या असाव्यात, असा माराचा नियम आहे. पण मारा नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टच्या कळपांसमोर तो नियम कसा पाळला जातो, हे त्याच्याच फोटोंच्या कडेला दिसणाऱ्या छपरांवरून कळते. डॉक्टरांनी मग चित्त्यांचा विषय काढला. माराच्या परिसरातल्या चित्त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांची फार गर्दी होती, तिथे एका वेतातली सरासरी ०.२ पिल्ले मोठी होऊन स्वतंत्र झाली. जिथे गर्दी कमी होती, तिथे २.३. चित्ता दिवसा शिकार करतो, आणि चारी बाजूंनी इंजिने घरघरत असतील तर त्याची शिकार हुकते किंवा ती सोडून त्याला निघून जावे लागते. गाडीत बसलेल्या कोणीही त्याला हात लावलेला नसतो. प्रत्येक जण फक्त आणखी थोडे पुढे घ्यायला सांगतो.

“आणि त्यासाठी आफ्रिकेतच जायला हवे असे नाही,” मी म्हणालो. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली होती आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती, हे कट्ट्यावर वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

तुषार अडचणीत आलेला पाहून शेठ खुलले. पण तुषारने आपली जुनी फिर्याद लगेच बाहेर काढली. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावर तो पहाटेपासून क्रौंचांच्या थव्यासमोर बसला असताना, नंतर आलेल्या शेठनी ‘नुसते उभे आहेत, व्हिडिओत काही मजा नाही’ म्हणून जोराने टाळ्या वाजवून सगळा थवा उडवला होता. शेठच्या मते तो व्हिडिओ फार सुंदर आला आहे. तुषारच्या मते तो गुन्हा आहे. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा शेठसाठी लग्नाच्या वरातीची जागा आहे, हे वाक्य तुषारने त्या दिवसापासून जपून ठेवले असावे, इतक्या सफाईने त्याने ते उच्चारले.

नानांना मात्र पैशाचेच पडले होते. माराला जुलै ते डिसेंबर माणशी दिवसाला २०० डॉलर प्रवेशशुल्क आहे, हे ऐकून त्यांनी सिंह न दिसल्यास किती परत मिळतात असे विचारले. काहीच नाही, असे कळल्यावर ते अस्वस्थ झाले. डॉक्टरांनी त्यांना आणखी अस्वस्थ केले. रवांडात डोंगरी गोरिला पाहण्याचा परवाना १५०० डॉलरचा आहे; एका कुटुंबाजवळ दिवसातून एकदाच आठ माणसे, तीही एकच तास, आणि तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर डोंगर चढूच देत नाहीत, कारण माणसाचा साधा ताप गोरिलाच्या जिवावर बेततो. उद्यानाच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा आजूबाजूच्या गावांना जातो. त्यामुळे गावाला गोरिला जिवंत असलेला परवडतो. जगात ते आता हजाराच्या थोडे वर आहेत आणि त्यांची संख्या वाढते आहे.

“दीड हजार डॉलर भरून शिंक आली म्हणून परत?” शेठ उद्गारले. “त्यापेक्षा आमचे दुबई बरे. डॉल्फिन वेळेवर येतो, हसतो, चेंडू उडवतो.”

“तो हसत नाही. त्याच्या जबड्याची ठेवणच तशी आहे, मेला तरी तो हसराच दिसतो,” डॉक्टर म्हणाल्या. “आपल्या सरकारने २०१३ मध्ये डॉल्फिनचे असले खेळ देशात होऊ द्यायचे नाहीत असे ठरवले. म्हणून आपण पासपोर्ट काढून ते पाहायला जातो.”

शेठचे प्राणिप्रेम किती खोल आहे, याचा पुरावा कट्ट्याकडे पूर्वीपासून आहे. जानेवारी २०१९ मध्ये सावरकरनगरात बिबट्या शिरला होता. मोबाइल उंचावलेल्या गर्दीने त्याला इतके बिथरवले की त्याने काही जणांना जखमी केले. त्या सकाळी शेठ तिथेच मेहुण्याकडे मुक्कामाला होते आणि बिबट्या पकडून नेल्याचे खिडकीतून तीनदा सांगितल्यावरच न्हाणीघराची कडी त्यांनी आतून काढली, असे मेहुणा शपथेवर सांगतो. “तुम्हाला प्राणी आवडतात, शेठ,” डॉक्टर म्हणाल्या, “फक्त त्यांना निघून जायची किंवा जवळ यायची मुभा असली की आवडत नाहीत.”

यावर शेठ चिडले आणि सहल कंपनीच्या प्रतिनिधीला तिथल्या तिथे फोन लावून त्यांनी स्पीकर सुरू केला. हत्तीच्या मनात नसेल तर आंघोळ रद्द होते का, असे त्यांनी अत्यंत करड्या आवाजात विचारले. पलीकडचा तरुण गोंधळला आणि मग आश्वासक स्वरात म्हणाला, “काळजीच करू नका, सर. हत्ती हमखास मिळतो. सकाळपासून बॅच चालू असतात, तो जाणार कुठे?”

डॉक्टर काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त दुसरा चहा सांगितला. शेठनी घसा खाकरून चौथ्या दिवसाची आंघोळ वगळता येईल का, अशी चौकशी केली. पैसे परत मिळणार नाहीत, पण त्याच वेळेत मगरींचा खेळ देता येईल, असे उत्तर आले. त्यात एक माणूस मगरीच्या जबड्यात डोके घालतो आणि सरांना पहिल्या रांगेत बसवले जाईल.

“ज्येष्ठांना सवलत आहे का, विचारा,” नाना कुजबुजले, आणि आम्ही हसू आवरेपर्यंत शेठनी ते खरोखरच विचारले होते.