पालक अशिक्षित असले की मूल मागे पडणारच?

"आईवडील शिकलेले नसतील तर मूल प्राथमिक शाळेत मागे पडणारच, अशा पालकांना शिक्षणाची कदर नसते, ते घरी अभ्यास घेत नाहीत, आणि शाळेने काही फरक पडत नाही हे अमेरिकेतील संशोधनानेच सिद्ध केले आहे," अशा आशयाचा मजकूर बराच फिरतो आहे. घरच्या परिस्थितीचा मुलाच्या वाचनावर आणि गणितावर परिणाम होतो, हे खरेच आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

आधी कदर नसल्याचा आरोप पाहू. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जात असल्याने आईला गावी थांबता येत नाही, आणि सांभाळायला आजी-आजोबा नसतील तर मूलही सोबत जाते. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते. तिसरीतली मुलगी कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) धाकट्या भावाला सांभाळत बसली असेल, तर तिचे पाढे कच्चे राहण्याचे कारण आईच्या अडाणीपणात शोधणे हा निव्वळ आळस आहे. गावात हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले नाही, तर शिक्षणाची पुरेपूर कदर असलेल्या पालकानेही मुलाला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे?

घरी अभ्यास घेण्याची अपेक्षा तर कायद्याशीच विसंगत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम २४ प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवण्याचे कर्तव्य शिक्षकावर टाकते. मेळघाटातील कोरकू आदिवासी आई मुलाशी तिच्या कोरकू भाषेत भरपूर बोलत असते. पहिलीचे पुस्तक मराठीत असते, हा तिचा दोष नव्हे.

राहिले अमेरिकेतील संशोधन. रोख बहुधा १९६६ च्या कोलमन अहवालाकडे, म्हणजे तिथल्या शाळांतील समान संधींबाबतच्या सरकारी पाहणीकडे आहे. शाळांमधील फरकांपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा मुलांच्या यशाशी अधिक घट्ट संबंध त्यात आढळला होता, पण अल्पसंख्याक समाजांतील मुलांचे यश इतरांपेक्षा शाळेवर अधिक अवलंबून असते, असेही त्याच अहवालात म्हटले आहे. मजकुरात नेमके हेच वगळलेले आहे.

आपल्याकडचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. मुंबई आणि वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास झाला. त्यात वस्तीतल्याच, माध्यमिक शिक्षण झालेल्या तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळेतच सुमारे दोन तास वेगळे शिकवत. पालक तेच, घरे तीच. तरीही गुण स्पष्टपणे वाढले, आणि सर्वाधिक वाढ सुरुवातीला सर्वांत मागे असलेल्या मुलांमध्ये दिसली. उपक्रम संपल्यानंतर वर्षभरात त्यातील बरीच वाढ ओसरली, हेही त्याच अभ्यासाने नोंदवले आहे. म्हणजे अशी मदत एखाद्या वर्षापुरती देऊन भागत नाही, ती शाळेच्या नेहमीच्या वेळापत्रकातच बसवावी लागते.