निम्मं घमेलं टीसीएल

आज सकाळी माण तालुक्यातल्या एका गावचा व्हिडिओ ग्रुपवर फिरत फिरत आला. नव्या टाकीचं उद्घाटन. हार, नारळ, फटाके, सगळं झ्याक. गावाचं नाव घेत नाही, कारण माण-खटाव घ्या नाहीतर जत-आटपाडी घ्या, कुठलंही गाव त्या जागी बसेल. पाहुणे पांगल्यावर एक जण शिडी चढून वर जातो आणि निम्मं घमेलं टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यातले जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, झाकणातून आत उपडी करतो. खालून कुणीतरी विचारतं, "बास का?" वरून उत्तर येतं, "आता आठवडाभर बघाय नको."

इथं डोकं फिरलं राव.

टाकीवर रंगवलंय ५०,००० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे अख्ख्या टाकीला २५० ग्रॅम. पाव किलो! पण टाकी भरेल त्या प्रत्येक वेळी. निम्म्या घमेल्यात तीन-चार किलो सहज बसते. म्हणजे बारा-पंधरा वेळचा डोस एका दमात. पहिल्या दिवशी पाणी तोंडात धरवत नाही, चहाला औषधाचा वास मारतो, बायका सरपंचाच्या दारात जातात, आणि मग पुढचे आठ दिवस पावडर बंद. महिन्याचा खप वहीत मात्र चोख बसतो.

बरं, कोरडी पावडर टाकली की ती विरघळते असंही नाही. गोळे होऊन तळाला जाते, चुना खाली साचतो, थोड्या दिवसांत व्हॉल्व्हात अडकतो. करायचं ते असं: प्लॅस्टिकची बादली घ्या, लोखंडी नको. पावडरीत थोडंसं पाणी घालून पिठल्याला बेसन कालवतो तसं गुठळ्या मोडून कालवा. मग बादली पाऊण भरा, काठीनं ढवळा आणि अर्धा तास हात लावू नका. चुना तळाला बसतो. वरची निवळी तेवढी टाकीत ओता, गाळ बाहेर टाका. टाकी भरत असतानाच ओतलं तर पाण्याबरोबर नीट मिसळतं. नंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, व्हॉल्व्ह सोडायचा नाही. क्लोरीनला जंतू मारायला तेवढा वेळ लागतो. आपल्याकडं लाइट आली की मोटर, टाकी भरली की लगेच व्हॉल्व्ह. अर्धा तास कोण थांबतंय?

तोंडाला फडकं बांधा आणि वाऱ्याकडं पाठ करा, हेही सांगतो. व्हिडिओतल्या गड्यानं घमेलं तोंडासमोर धरलं होतं.

आणि ती पावडर तरी जिवंत आहे का? ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पोतं फोडून दमट खोलीत, खिडकीशेजारी उघडं ठेवलं की तो उडून जातो, उरतो चुना. २० टक्क्यांवर आली तर २५० ग्रॅमच्या जागी चारशे ग्रॅमच्या वर लागते. त्याच्याही खाली गेली तर भिंतीला लावा. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, अंधारी कोरडी जागा, खाली फळी. एवढंच लागतं. नमुना जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत तपासून मिळतो, पण पाठवायला पाहिजे ना.

आता जरा त्या गड्याचंही सांगतो, कारण वर लिहिताना त्याच्यावरच घसरलो. मोटर चालू करणं, व्हॉल्व्ह फिरवणं, लिकेज काढणं, पाणीपट्टी गोळा करणं, सगळं एकट्याच्या अंगावर. पगार वेळेवर मिळाला तर नशीब. त्याला कुणी तराजू दिलाय? मापाचा डबा दिलाय? टाकीला फुलं वाहायला शंभर माणसं, आणि वर चढायला तो एकटा. घमेलं त्याच्या हातात होतं, पण दिलं गावानं.

आणि गाव काय करतं? नळाला मोटर लावतं. चढाला घर आहे, पाणी पोचत नाही, हे मान्य. पण चार दिवसांनी पाणी सोडणाऱ्या गावात लाइन मधे रिकामी असते, आणि ती गटारातूनच गेलेली असते. मोटरनं ओढ दिली की फुटक्या सांध्यातून गटारही ओढलं जातं. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर पाणी उताराला पळतं, तेव्हाही तसंच. वर धार जास्त यावी म्हणून नळाला खड्डा करायचा, तोटी लावायची नाही. पाणी गेलं की खड्ड्यातलं घाण पाणी त्याच नळातून माघारी लाइनीत. अरे, टाकीत अमृत ओतलं तरी शेवटच्या घरात काय पोचणार?

म्हणून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची ऑर्थोटोलिडिनची चाचणी, टाकीखाली नाही, शेवटच्या घरी करायची. नळीत पाणी, वर द्रावणाचे थेंब, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम (लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम) उरला पाहिजे, साथीच्या दिवसांत ०.५. टाकीत डोस नीट पडूनही पाणी पांढरंच राहिलं तर वाटेत कुठंतरी गटार शिरत असणार. तिथं डोस वाढवून भागत नाही, खणून सांधा शोधावा लागतो. कृष्णाकाठी पुरानंतर पाणी गढूळ असतं तेव्हा आधी तुरटी फिरवून निवळू द्या. गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

"आम्ही जारचं पितो" म्हणणाऱ्यांनो, फ्लोराइड किंवा खारं पाणी असेल तिथं जार ठीक, टीसीएलनं ते जात नाही. पण आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. जार आतून कोण धुतं, आणि त्यात तांब्या बुडवणारा हात कुणाचा? आजीचं लांब दांड्याचं ओगराळं बरं होतं.

२०००मध्ये तासगावच्या आर. आर. आबांनी ग्रामविकास मंत्री असताना गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, तेव्हा हीच गावं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली होती. २०१९ला जल जीवन मिशन आलं, माणशी रोज ५५ लिटरचा आकडा आला, टाक्या आल्या. तराजू तेवढा यायचा राहिला.

उद्या ग्रामपंचायतीत जाऊन कपाटातली ओटीची बाटली मागा. तारीख उलटून गेलेली नसली तर फोटो इथं टाका, बघू किती येतात.