पाच किलो मालदांडी

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार आहे, कंटाळा आला तर खुशाल पुढे जा.

केवायसीसाठी बँकेत गेले होते. मी मीच आहे हे दर काही वर्षांनी बँकेला पटवून द्यावं लागतं, ते द्यायला. टोकन घेऊन बसले. समोरच्या टेबलापाशी एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी. गृहस्थांचा शर्ट पांढरा, नुकती इस्त्री मोडलेला. मांडीवर फाइल, आणि फाइलला वरून प्लास्टिकची पिशवी, कारण पाऊस. रात्रीच्या एसटीने भूमहून आले होते, हे नंतर कळलं.

मुलगी कॅप राउंडमधून (सरकारी प्रवेशफेरीतून) इथल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजला लागलीये. ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम. ओबीसी, नॉन-क्रिमिलेअर सगळं नीट. टेबलापलीकडचा मुलगा (मुलगाच म्हणायचा, माझ्यापेक्षा लहान असेल) म्हणाला, "मुलींना फी माफ आहे ना आता? मग कर्ज कशाला?"

पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे. होस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी भरावी लागते. लॅपटॉप पण लागतो."

"किती पाहिजे?"

"चार वर्षांचे मिळून साडेतीन लाख."

"मग घराचे कागद आणा. नाहीतर पगारदार जामीनदार आणा."

वडील म्हणाले, घराचा ग्रामपंचायतीचा उतारा आहे. ते चालत नाही. शेतीचा सातबारा आहे. तो तर अजिबातच चालत नाही. आणि शेवटी, मॉनिटरकडे बघत: "तुम्ही आमच्या एरियात येतच नाही. गावाकडच्या शाखेत जा."

"तिकडं म्हणले, कॉलेज पुण्यात हाय तर पुण्यातच भरा."

यावर उत्तर नव्हतं. पुढचं टोकन पुकारलं गेलं. ते माझंच होतं.

मी केवायसी केलं. होय, निमूट केलं. त्याची लाज वाटतेय म्हणूनच बहुतेक हे लिहितेय.

बाहेर पायऱ्यांवर ते दोघं पावसाची सर ओसरायची वाट बघत उभे होते. मी सहज विचारलं, तर वडील जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ताई, साहेबांना काही द्यावं लागतंय का? माहीत असतं तर येताना कुंथलगिरीचे पेढे आणले असते."

आणि माझ्या डोळ्यांसमोर एकदम माझ्या वडिलांची, अण्णांची पिशवी आली.

सन २०११. मी मंगळवेढ्याकडची हे बहुतेकांना माहीत आहे. बारावीनंतर इंजिनिअरिंगला लागले. कर्ज हवं होतं दोन लाख ऐंशी हजार. अण्णांनी तालुक्याच्या शाखेत जायचं ठरवलं. आईने कपाटातून साडीच्या दुकानातली चांगली पिशवी काढली, बंदांची, आत अस्तर असलेली. तिच्यात पाच किलो मालदांडी ज्वारी भरली. निवडून, पाखडून. आमच्याकडे त्याहून भारी द्यायला काही नव्हतंच, आणि खरं सांगते, त्याहून भारी काही असतं असंही आम्हाला वाटत नव्हतं.

साहेब परप्रांतातले. त्यांनी विचारलं, "ये क्या है?" अण्णा म्हणाले, "साहब, जवारी. हमारे रान की." साहेबांनी पिशवी टेबलाखाली सरकवली आणि म्हणाले, गुरुवारी या.

अण्णा घरी येऊन म्हणाले, "पिशवी ठिवून घेतली. म्हंजे काम होणार."

कुणी म्हणेल ही लाचच झाली. असेल. पाच किलो ज्वारीची लाच, लिहून ठेवा.

तर आता मुद्द्याचं, रागात आहे तोवर सांगून टाकते. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण घ्यायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आई किंवा वडील सहकर्जदार, बास. साडेतीन लाखांना घराचे कागद मागायचा प्रश्नच येत नाही. त्याच्यावर साडेसात लाखांपर्यंतसुद्धा केंद्राचा कर्जहमी निधी आहे, २०१५ पासून. "एरिया"चं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच परिपत्रक काढून सांगितलंय की विद्यार्थ्याचं घर शाखेच्या सेवाक्षेत्रात नाही म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नका. होस्टेल, मेस, पुस्तकं, कॉम्प्युटर हा सगळा खर्च बँकांच्या स्वतःच्याच आदर्श योजनेत धरलेला आहे. म्हणजे त्या टेबलावर पाच मिनिटांत जे बोललं गेलं त्यातलं एकही वाक्य धड नव्हतं. आणि ती पोरगी प्रत्येक वाक्याला "हो सर" म्हणत होती.

सातबाऱ्याचं तर मला आजवर कळलेलं नाही. म्हणजे कायदा कळतो. वसुलीचा जो सरफेसी कायदा आहे तो शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून बँकेला तारण म्हणून शेती नको असते. बरं. पण त्याच बँकेत, त्याच इमारतीत, शेजारच्या टेबलावर त्याच सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा चढवतात की! बी-बियाण्याला चालतो तो कागद पोरीच्या मेसला चालत नाही. अण्णांनी हेच विचारलं होतं. "साहेब, मागच्या जूनमधी ह्योच उतारा तुम्ही घेतलाय." साहेब म्हणाले, वो अलग डिपार्टमेंट है. डिपार्टमेंट म्हणजे तीन खुर्च्या सोडून चौथी.

अण्णा गुरुवारी गेले, त्याच्या पुढच्या सोमवारी गेले, पोळ्याच्या आधी गेले. दर वेळी येऊन सांगायचे, पिशवी अजून तिथंच आहे, टेबलाखाली. पाचव्या की सहाव्या खेपेला मी बरोबर होते. मी वाकून बघितलं. पिशवीवर बारीक पीठ पडलं होतं आणि अस्तराच्या शिवणीतून किडे चालले होते. ज्वारीला कीड लागली, पण आमची फाइल काही हलली नाही.

घरी जाताना एसटीत अण्णा एवढंच म्हणाले, "आईला सांगू नगंस."

तोवर कॉलेजची पहिली फी भरायची तारीख आली. आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. त्या सुटल्या मी नोकरीला लागल्यावर. त्यावर जास्त लिहीत नाही.

बरं, आता कर्ज सोडा, शिष्यवृत्तीवाले म्हणतील सरकार इतकं देतंय. देतंय. नाही म्हणत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली, हे उत्तमच झालं. मला २०११ ला ते मिळालं असतं तर पाटल्या घरातच राहिल्या असत्या. पण महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज भरून बघा एकदा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, त्याआधी तलाठ्याचा अहवाल, सेतूच्या रांगेत "सर्व्हर डाऊन". मग डोमिसाईल, जात वैधता, आधार बँकेला जोडलेलं हवं, तेही नुसतं जोडलेलं नाही तर नीट "सीड" झालेलं. ह्या दोन्हीतला फरक ज्याला एका दमात सांगता येईल त्याला मी चहा पाजते. मग अर्ज कॉलेजच्या क्लार्कच्या टेबलावर पडतो आणि तिथून परत येतो: कागदपत्र अस्पष्ट. अस्पष्ट का? तर मोबाइलने काढलेला फोटो दोनशे छप्पन्न केबीत बसवायचा असतो.

आणि पैसे येतात कधी? वर्ष संपता संपता, नाहीतर पुढच्या वर्षी. होस्टेलचा मालक जुलैत मागतो. मेसवाल्या मावशी दर महिन्याला. ह्या मधल्या फटीत जी पोरं पडतात त्यांचं कुणी मोजत नाही. माझ्याच वर्गातला एक मुलगा दुसऱ्या वर्षाला आलाच नाही. शिष्यवृत्ती त्याची मंजूर होती. ती जमा झाली तेव्हा तो चाकणला कंपनीत लागला होता.

नवी योजना पण आहे, पीएम विद्यालक्ष्मी, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केली. तारण नाही, जामीनदार नाही, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. वाचून मला बरं वाटलं होतं. पण ती एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्राच्या शिक्षणसंस्थांच्या, क्रमवारीवरून ठरवलेल्या यादीतल्या संस्थांसाठी. सुरुवातीला ८६० संस्था. पायरीवर उभ्या उभ्या मी मोबाइलवर बघितलं, ह्या पोरीचं कॉलेज यादीत सापडलं नाही. यादीतलं कॉलेज मिळायला जो क्लास लावावा लागतो तो भूममध्ये नाही. असो.

आता थोडं शांत झालेय. चहा केला मध्ये.

माझी मावसबहीण बँकेत आहे, ती हे वाचेल आणि फोन करेल म्हणून आधीच लिहिते. हो, शैक्षणिक कर्ज बुडतं. पोरं नोकरी लागत नाही म्हणून हप्ते थकवतात, काही लागूनही थकवतात, आणि खातं एनपीए, म्हणजे बुडीत, झालं की जाब त्या टेबलावरच्या मुलालाच द्यावा लागतो, नियम करणाऱ्याला नाही. मान्य. त्याला वर विम्याचं टार्गेट, सोन्याच्या कर्जाचं टार्गेट, आणि शाखेत माणसं निम्मी. मान्य. पण मग तसं सांगा ना. "मला भीती वाटते" असं म्हणा. नियमात नसलेली कागदं मागून माणसाला भूम ते पुणे फिरवायचं, हे काय?

आणि आमचे ते साहेबही वाईट नव्हते बहुतेक. एकदा त्यांनी अण्णांना चहा दिला होता. इतक्या वर्षांनी मला वाटतं, त्यांना ती पिशवी नाही म्हणायला जमलं नसेल. आणि ज्वारीचं काय करतात हेही माहीत नसेल. घरापासून दोन हजार किलोमीटरवर एकटे राहणारे गृहस्थ, भाकरी थापणार कोण? ती पिशवी त्यांना रोज पायाला लागत असणार.

सप्टेंबरात त्यांची बदली झाली. नवीन मॅडम आल्या. त्यांनी फाइल उघडली, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "चार लाखांच्या आत आहे, मग तारण कशाला हवंय?" नवव्या दिवशी कर्ज मंजूर. नियम तोच, खुर्ची तीच. म्हणजे तीन महिने आम्ही नियमासाठी नाही, माणसासाठी थांबलो होतो. ह्याचाच मला जास्त राग येतो, अजून.

अण्णा मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, ज्वारीचा गुण आला.

(ज्वारी शिपाईमामांनी कोंबड्यांना घातली. हे आईला कळलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. कोंबड्यांना? मालदांडी? पिशवी कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही. आई अजून त्या पिशवीचा विषय काढते.)

आणखी एक. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण चालू असतानाचं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, अशी योजना २००९ पासून होती. आम्ही त्यात बसत होतो. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. अण्णांनी आधी पंचवीस फेऱ्या मारल्या त्यातल्या एकाही फेरीत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा मुद्दल दोन लाख ऐंशी आणि वर व्याज लाखाच्या पुढे. फेडलं. एक शब्द कुणी बोललं असतं तर ते लाख रुपये वाचले असते. कुणी म्हणेल तुम्ही विचारायचं होतं. कसं विचारणार? जे असतं हेच माहीत नाही ते कुठल्या टेबलावर विचारतात?

म्हणून आज पायरीवर मी त्या काकांना सगळं सांगितलं. चार लाखांचा नियम, परिपत्रक, विद्यालक्ष्मी पोर्टलवर (त्या नव्या योजनेत बसत नसलं तरी) अर्ज टाकायचा म्हणजे नोंद राहते, नकार दिला तर कारणासकट लेखी मागायचा. सिबिलचं, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्या गुणांचं, निघालं तर, बाइकचे दोन हप्ते थकलेत म्हणाले, केरळ उच्च न्यायालयाने २०२३ ला सांगितलंय की सिबिल कमी आहे एवढ्यावरून विद्यार्थ्याचा अर्ज फेटाळू नका. ते ऐकत होते. पोरगी वहीत लिहून घेत होती. मी एवढं बोलत होते की पाऊस थांबलेला मला कळलाच नाही.

मग ते म्हणाले, "ताई, तुम्ही हे आतमधी बोलला असता तर."

यावर मी काय बोलणार.

उद्या साडेदहाला मी त्यांच्याबरोबर जातेय. रजा टाकलीये. परिपत्रकाच्या प्रिंट काढल्यात, दोन प्रती. आज ते हडपसरला पाहुण्यांकडे मुक्कामाला आहेत. मघाशी फोन केला होता, कागद सगळे घ्या, वेळेवर या, आणि काका, साहेबांसाठी काहीही आणू नका.

"बरं ताई," म्हणाले. मग जरा थांबून, "पावशेर तरी?"