दोन बावीस आणि एक पिशवी

"मॅडम, कलम पाठ आहे हो, पण हवालदार समोर आला की जीभच उचलत नाही."

कायद्याच्या मागच्या ट्रेनिंगला चहाच्या वेळी आमचा एक पियर, म्हणजे साथी कार्यकर्ता, मला हे म्हणाला. सकाळपासून भिंतीवर सरकलेल्या सगळ्या स्लाइड्सचा तिथंच निकाल लागला.

मी मुंबईत सुईने गर्द घेणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या टीममध्ये आहे. रुळांच्या कडेला, पुलाखाली नव्या सुया द्यायच्या, जुन्या गोळा करायच्या, जखमा धुवायच्या, ओएसटीच्या (गर्दऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीत दिल्या जाणाऱ्या औषधाच्या) गोळीसाठी सेंटरवर न्यायचं. आमच्यातले बरेच पियर पूर्वी तिथंच बसायचे. म्हणून तर लोक त्यांचं ऐकतात. आणि म्हणूनच पोलिसांना तेही 'गर्दुल्ले'च दिसतात. त्यात पिशवीत सिरिंजचा गठ्ठा सापडला की संपलंच.

काही वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला असाच फोन आला. चौकीत पोचले तर आमचा पोरगा कोपऱ्यात उकिडवा बसलेला आणि टेबलावर सुया मांडलेल्या. "साहेब, आम्ही संस्थेचे आहोत," एवढं एकच वाक्य मी तासभर घोळवत राहिले. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २२ सांगतं की केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एचआयव्हीचा धोका कमी करायला केलेलं काम गुन्हा ठरत नाही. कायद्यातच उदाहरण दिलंय, जुनी सुई घेऊन नवी देणाऱ्याचं! म्हणजे आमचंच. मला त्या रात्री ते माहीत नव्हतं. (राज्यघटनेचं कलम २२ वेगळं : अटकेचं कारण सांगणं, वकील, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेट. दोन्ही बावीसच, लक्षात ठेवायला बरं.)

न कळण्यापेक्षा अर्धवट कळलेलं जास्त नडतं, असं माझं आता ठाम मत झालंय. 'गॅझेटेड ऑफिसर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्या' हे एनडीपीएसचं (अमली पदार्थविरोधी कायद्याचं) कलम ५० सगळ्यांना तोंडपाठ. पण ते अंगझडतीपुरतं आहे, हातातल्या पिशवीला लागू नाही. सुप्रीम कोर्टानं २००५ मध्येच तसं सांगितलंय. दुसरं, 'गर्द पाच ग्रॅमच्या आत आहे ना, मग जामीनपात्र'. मुंबई हायकोर्टानं २०२० मध्ये एनडीपीएसचे सगळे गुन्हे अजामीनपात्र धरले. याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नव्हे. कलम ३७ च्या कडक अटी एवढ्याशा मालाला लागत नाहीत, पण जामीन मागायचा कोर्टात, चौकीत नाही. हे न सांगता आपण आईला "रात्रीतून सुटेल" म्हणतो आणि ती बिचारी सकाळपर्यंत चौकीबाहेर बसून राहते.

एनडीपीएसच्याच कलम ६४अ चंही तेच. स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेलं तर छोट्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, हे आपण उत्साहानं सांगतो. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं, हे मात्र गाळतो.

आणि टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास! लॉकअपमध्ये पहिल्याच रात्री अंग मोडून येतं, जुलाब, उलट्या, आणि त्या अवस्थेत माणूस पुढ्यात येईल त्या कागदावर सही करतो. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी, नव्या बीएनएसएसचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ५३ तेच सांगतं. वकिलासाठी पैसे नसले तरी कोठडीतल्या माणसाला मोफत विधी सेवेचा हक्क आहे, फोन १५१००. माझ्या मते ट्रेनिंगची सुरुवातच इथून व्हावी. 'कायद्याचा इतिहास' नंतर बघू.

येत्या शनिवारी आम्ही प्रोजेक्टर लावणार नाही आहोत. एक टेबल, एक खुर्ची, सुयांची पिशवी आणि समोर उभा एक पियर. वकीलताई मध्येच थांबवून चुका दाखवतील. हवालदार कोण होणार विचारलं, तर तो जीभ न उचलणाराच पहिला हात वर करून मोकळा.