नाव नंतर कळवणे

आमचा बँड अकरा महिने चालला. त्यातले चार नाव ठरवण्यात गेले.

आम्ही तिघं. कीबोर्डवर मी, गिटारवर ऑफिसातला एक मित्र आणि गायला त्याची मामेबहीण. आम्ही वाजवायचो ते आर्ट पॉप. आईने विचारलं, म्हणजे काय रे? मी तिला नीट समजावून सांगितलं, की विलायतेत यातली बरीच मंडळी चित्रकलेच्या शाळांतून आली. रॉक्सी म्युझिक या बँडचा गायक ब्रायन फेरी न्यूकासलला चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनकडे चित्रकला शिकला. त्यामुळे गाण्याकडे चित्रासारखं बघायचं.

"म्हणजे ऐकायचं नाही?" आई म्हणाली.

पुढे अकरा महिन्यांत आमच्यावर झालेली हीच एकमेव गंभीर समीक्षा.

आमचं दैवत होतं यंग मार्बल जायंट्स. वेल्समधल्या कार्डिफचा बँड, १९७८ साली सुरू झालेला. दोन भाऊ आणि एक गायिका. ड्रम वाजवणारा कुणी नाहीच; नात्यातल्या भावाने घरी जुळवलेलं तालयंत्र, तेच ठकठक करायचं. पाच दिवसांत अल्बम रेकॉर्ड केला, १९८० साली तो आला आणि थोड्याच काळात बँड मोडला. पुढे निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडच्या कर्ट कोबेनने आपल्या आवडत्या अल्बमांच्या यादीत तो घातला. पाच दिवस काम आणि जन्मभर कीर्ती! हा हिशेब आम्हा नोकरदारांना फारच पटला.

नात्यातला भाऊ आमच्याकडेही होता. माझा मावसभाऊ, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. त्याने दीड महिना खपून तालयंत्र बनवलं आणि ते खरंच वाजलंही. फक्त सोसायटीची लिफ्ट सुरू झाली की त्याची लय बदलायची. संध्याकाळी सातला, लोक ऑफिसातून परतायच्या वेळेला, ते असे काही ताल धरायचं की भल्या भल्या तबलजींनी हात जोडावेत. पण लिफ्ट घेऊन कार्यक्रमाला कसं जाणार? शेवटी यंत्र माळ्यावर गेलं आणि तालासाठी आम्ही आईच्या कुकरची शिट्टी रेकॉर्ड केली. पाच लिटरचा, बाहेरच्या झाकणाचा कुकर. त्याची शिट्टी काळी चारच्या जरा वर लागते.

आता नाव. गायिकेचं म्हणणं, नावच नको. पोस्टरवर नुसती मोकळी जागा ठेवायची, प्रेक्षक ती मनाने भरतील. आम्ही भारावलो. गणपतीत ओळखीच्या मंडळाने पंधरा मिनिटं दिली होती. फ्लेक्सवाल्याला मजकूर पाठवला, मध्ये मोकळी जागा सोडून. त्याने ती जबाबदारीने भरली. चौकात सहा बाय चारचा फ्लेक्स लागला, वर नगरसेवकांचे हात जोडलेले फोटो, खाली 'संगीत रजनी' आणि त्याखाली आमचं नाव: 'नाव नंतर कळवणे'. गिटारवाला चिडला. मला मात्र चार महिन्यांत सुचलेल्या सगळ्या नावांपेक्षा हे बरं वाटलं.

वेळ मिळाली नऊ चाळीसची. दहा वाजता स्पीकर बंद, कायदाच आहे. आमच्या पहिल्या गाण्यात सुरुवातीला बारा सेकंद शांतता होती. शांतता हेच आमचं मुख्य वाद्य. चौथ्या सेकंदाला साउंडवाला स्टेजवर धावत आला आणि त्याने माझ्या कीबोर्डची वायर बदलली. दुसऱ्या गाण्यातल्या शांततेत त्याने गिटारची बदलली. तिसऱ्यात गायिकेचा माइक काढून त्याने स्वतःच "हॅलो, हॅलो, चेक" केलं, आणि टाळ्या काय त्या तेवढ्यालाच पडल्या. आम्ही वाकून नमस्कार करत असताना निवेदक म्हणाले, "साउंड आता ओके आहे. तर मंडळी, कार्यक्रमाला सुरुवात करूया."

त्यानंतर आम्ही ठरवलं, की आपला श्रोता चौकात नाही, इंटरनेटवर आहे. एक गाणं टाकलं. तिथेही कलाकाराचं नाव लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेव्हा फ्लेक्सवरचंच लिहिलं. मग नियम वाचले. खरं तर ते आधी वाचायचे असतात. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं तरच ते मोजलं जातं. आणि २०२४ पासून वर्षभरात हजार वेळा मोजलं गेलं नाही, तर त्या गाण्याचे पैसे सुरू होत नाहीत. आमच्या गाण्यात पहिली चाळीस सेकंद कुकरला वाफ धरत होती. नुसती सूं सूं. लोक यायचे, पंचविसाव्या सेकंदापर्यंत धीर धरायचे आणि जायचे. पहिली शिट्टी ऐकायला कोणी थांबलं नाही.

मी म्हटलं, वाफ कापूया. गायिका म्हणाली, वाफ हेच तर गाणं आहे. गिटारवाला म्हणाला, प्रॅक्टिसच्या खोलीचं भाडं तीनदा मीच भरलंय. याला इंग्रजी मासिकांत कलात्मक मतभेद म्हणतात. पुढच्या महिन्यात त्याची बदली बंगळुरूला झाली, मामेबहिणीचं लग्न ठरलं, आणि लग्नात ऑर्केस्ट्रा ठेवला होता. आम्हाला नुसतं जेवायला बोलावलं.

परवा सहज आकडा पाहिला. गाणं मोजून दोनशे अकरा वेळा वाजलं होतं, आणि त्यातले बरेचसे आकडे सकाळी अकराच्या सुमाराचे. मी आईला विचारलं. ती ओशाळली. स्वयंपाक करताना लावते म्हणाली, मुलाचं गाणं आहे, कोणीतरी ऐकायला हवं ना.

तेव्हा कुठे मला कळलं, की गेले कित्येक दिवस डब्यातली डाळ कच्ची का लागते. गाण्यात तिसरी शिट्टी झाली की आई गॅस बंद करते.