दीड टनाची परवानगी

पुण्याचा उन्हाळा पूर्वी दुपारी येऊन संध्याकाळी परत जात असे. अलीकडे तो मुक्कामालाच येतो. आमची निजायची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर आणि पश्चिमेच्या बाजूला असल्यामुळे एप्रिलात रात्री अकरा वाजतासुद्धा तिची भिंत हाताला तव्यासारखी लागते. तेव्हा यंदा एसी घ्यायचा, हा ठराव घरात पाच मिनिटांत एकमताने संमत झाला. दुकानदाराने पावती हाती देता देता सहज विचारले, "सोसायटीची एनओसी आहे ना?" त्या शेवटच्या 'ना'मध्ये माझे पुढचे दोन महिने दडलेले आहेत, हे मला तेव्हा उमगले नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. एसी हा फेरबदल नव्हे, असे माझे म्हणणे होते. त्याच्या नळ्यांसाठी भिंतीला पाडायचे अडीच इंची भोक हा मात्र फेरबदलच होय, असे सचिवांचे म्हणणे होते, आणि ते निवृत्त लेखापरीक्षक असल्यामुळे त्यांचे म्हणणे लेखी होते. अर्जासोबत त्यांनी भोकाचा नकाशा मागितला. मी बराच विचार करून कागदावर एक खिडकी काढली आणि तिच्या वर एक वर्तुळ काढले. "हे बीममध्ये तर जात नाही ना?" त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले. प्रश्न रास्त होता, हे मान्य केले पाहिजे. बीम पोखरून आतली सळई उघडी पाडणे म्हणजे खोलीच्या गारव्यासाठी इमारतीचे हाड मोडणे. मी वर्तुळ खिडकीशेजारी उतरवले आणि नकाशा मंजूर झाला.

खरी परीक्षा समितीच्या बैठकीत झाली. अर्जात मी 'दीड टन क्षमतेचा एसी' असे लिहिले होते. ते ऐकताच पहिल्या मजल्यावरचे काका खुर्चीत सावरून बसले. "दीड टन? अहो, इमारत चाळीस वर्षांची आणि तिच्या भिंतीवर तुम्ही दीड टन वजन टांगणार?" मी नम्रपणे सांगितले की बाहेर टांगायचे यंत्र तीस-पस्तीस किलोंचेच असते, आणि हा टन म्हणजे वजन नसून बर्फाने गारवा आणण्याच्या काळातले माप आहे, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता ज्याला खोलीतून उपसता येते तो एक टनाचा एसी. बैठकीत शांतता पसरली. पटले असावे, असे मला वाटले.

"म्हणजे रोज दीड टन बर्फ वितळणार," काका सावकाश म्हणाले. "मग ते पाणी जाणार कुठे? आमच्याच गॅलरीत ना?"

बर्फ कुठेही नसतो, हवेतल्या बाष्पाचे थोडेसे पाणी तेवढे ठिबकते, हे माझे स्पष्टीकरण इतिवृत्तात आलेच नाही. आले ते एवढेच, की सदर सभासदाने एसीच्या पाण्याचा एक थेंबही इमारतीच्या बाहेरील बाजूस पडणार नाही, असे हमीपत्र मुद्रांकावर द्यावे.

मध्यंतरी कोणीतरी माझ्या वीजबिलावरचा मंजूर भार वाचला. तो एक किलोवॉट निघाला. त्याच जोडणीवर आमचा दोन किलोवॉटचा गिझर इतकी वर्षे कोणाच्या परवानगीने तापत होता, हे विचारण्याची बुद्धी सुदैवाने कोणाला झाली नाही. पण भार वाढवून घेण्याचा अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल आणि वाढीव अनामत रक्कम यांत आणखी तीन आठवडे गेले. 'ना हरकत' या कागदाचे नाव इतके साधे का ठेवले असावे, याचा विचार मी त्या काळात पंख्याखाली, घाम पुसत, पुष्कळ केला.

अखेर जूनच्या पहिल्या आठवड्यात मेकॅनिकने दोन तासांत यंत्र बसवले. सुरू करताच पडद्यावर २४ हा आकडा उमटला. नव्या एसींचे तापमान आरंभी २४ अंशांवरच असावे, असा केंद्र सरकारचा २०२० पासूनचा नियम आहे. म्हणजे इतके सोसल्यावर पहिला आकडासुद्धा आपल्या मर्जीचा नव्हता.

पाण्याची नळी न्हाणीघरापर्यंत न्यायला पुरेसा उतार मिळेना आणि बाहेर सोडावी तर हमीपत्र आडवे आले, म्हणून ती खोलीतच एका बादलीत सोडली आहे. एप्रिलच्या कोरड्या हवेत तळही भिजला नसता. जूनच्या दमट हवेत मात्र ती निम्म्या रात्रीतच काठोकाठ भरते आणि गार खोलीत गाढ झोपलेला मी दोन वाजता उठून ती रिकामी करतो.

परवा जिन्यात काका भेटले. "रोज बादलीभर पाणी ओतून देता म्हणे," ते जरा संकोचून म्हणाले. "आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांना मिळाले असते, तर बरे झाले असते."

त्या पाण्याला इमारतीच्या बाहेरील बाजूस पडण्याची मनाई असून गॅलरी बाहेरच्या बाजूस येते, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले आणि समितीकडे अर्ज करण्यास सुचवले. सोबत कुंड्यांचा नकाशा जोडावा, हेही सांगितले.