बोलेल हो, घाई काय!

तुमच्या घरात अडीच वर्षांचं मूल असेल आणि ते अजून बोलत नसेल, तर आधी निवांत व्हा. तुम्हाला काहीही करायचं नाहीये. फक्त एखाद्या लग्नाला त्याला घेऊन जा. मांडवात पाचव्या मिनिटाला एक मावशी भेटतेच, जिच्या धाकट्या दिरांना पाचव्या वर्षी वाचा फुटली, "आणि आता गप्प बसवून दाखवा त्यांना!" असा एक दीर घराण्यागणिक असतो. ज्याला वाचा फुटलीच नाही असाही कुणीतरी असतो, पण त्याला लग्नाला आणत नाहीत. त्यामुळे हिशेब नेहमी दिरांच्याच बाजूने लागतो.

एखादा आगाऊ डॉक्टर सांगेल की वर्षाच्या आसपास एखादा अर्थाचा शब्द आणि दोन वर्षांपर्यंत "आई पाणी", "बाबा ये" अशी जोडी यायला हवी, नाही आली तर दाखवून घ्या. डॉक्टर बदला. वेखंड उगाळा, मधातून जिभेवर चोळा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असं तेच डॉक्टर बजावतात, पण त्यांच्या आजीला विचारलंय का कुणी?

पोपटाचा उष्टा पेरू मिळाला तर सोन्याहून पिवळं. माझ्या भाच्यासाठी आम्ही अख्खी दुपार पेरूच्या झाडाखाली काढली. पोपट आला, पेरू पडला, भाच्याने तो खाल्ला. पोपट बडबडत उडून गेला, भाचा होता तिथेच.

ऐकू येतं की नाही अशी शंका आली, तर घरगुती परीक्षा आहे. मागे उभं राहायचं आणि पितळी ताट वाजवायचं. भाचा दर वेळी वळला. टाळ्या पडल्या. ताटाचा दणका त्याला ऐकू यायचा, आईच्या तोंडचा 'स' ऐकू यायचा नाही. पण 'स' वाजवून बघायची आपल्यात पद्धत नाही. यातली माणसं सांगतात की बाळ झोपलेलं असताना कानात एक छोटं बोंडूक बसवून काही मिनिटांत तपासणी होते, दुखत-खुपत नाही. पहिल्या महिन्यात ही तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा त्यांचा एक-तीन-सहाचा हिशेब. आम्ही तिसऱ्या वर्षी पोचलो. तीन तर आम्हीही गाठलेच!

दरम्यान हातात मोबाईल द्या. मूल "ट्रँगल" म्हणायला लागतं. "भूक लागली" म्हणत नाही, पण पाहुण्यांसमोर भुकेचं काय कौतुक? शिवाय घरातलं मराठी तेवढं बंद करा. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं मागे पडत नाही, असं स्पीच थेरपिस्ट कानीकपाळी ओरडतात, पण त्यांचं ऐकलं तर आजीने "कम बाळा, ईट वरणभात" कधी म्हणायचं?

या थेरपिस्ट मंडळींपासून तर लांबच राहा. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग यांच्या नावाची वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून उभी आहे, म्हैसूरची तर १९६५ पासून. म्हणजे दोन पिढ्या आपण यांना चुकवत आलोय, ते काही सोपं नाही. आत जाऊन बघितलं तर एक ताई मुलासमोर फतकल मारून बसलेल्या, हातात चेंडू. "दे" म्हटल्याशिवाय देत नाहीत, आणि "दे" येईपर्यंत गप्प बसतात. गप्प बसायचे पैसे! आपल्या घरात कुणी फुकटसुद्धा गप्प बसत नाही.

मोठ्या माणसांचं तंत्र वेगळं. आमच्या वाड्यातल्या अण्णांना लकवा झाला, उजवा हात गेला आणि शब्द गेले. चष्मा हवा असला की तोंडातून "चमचा" निघायचं. घरच्यांनी घरातले सगळे चमचे आणून दिले. मग सगळे त्यांच्याशी ओरडून बोलू लागले, कारण लकवा कानाला होतो, हे सर्वांना ठाऊकच आहे. अण्णांना सगळं कळायचं, म्हणून तर ते चिडायचे. पण भाषेचं दुकान साधारणपणे मेंदूच्या डाव्या अंगाला असतं आणि तिथे मार बसला की अक्कल शाबूत राहून शब्द हरवतात, इतक्या खोलात कोण शिरतो?

गणपतीत मात्र कमाल झाली. बायकोचं नाव न येणाऱ्या अण्णांनी आरती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटली, एक अक्षर न चुकता. पाठ असलेलं गाणं अशा माणसाला पुष्कळदा येतं, थेरपिस्ट त्याचाच धागा धरून पुढे शब्द काढतात. घरच्यांनी बरोबर निष्कर्ष काढला: "इतके दिवस नाटक करत होते!" २०१६ च्या दिव्यांग कायद्याने २१ प्रकारांत वाणी आणि भाषेच्या दिव्यांगत्वाचंही नाव घातलंय म्हणे. संसदेला कळलं म्हणून वाड्याला कळलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

आता राहिले अडखळणारे. यांच्यासाठी २२ ऑक्टोबर हा जागतिक दिवस आहे, उरलेले ३६४ आपले. समोरचा अडला की "सावकाश, सावकाश" म्हणा, त्याचं वाक्य आपणच पुरं करा, चुकीचं केलं तरी चालेल. लहानपणी नक्कल केली म्हणून जीभ अडते, असं पोराला पटवून द्या, म्हणजे आनुवंशिकता वगैरे भानगडीत पडावं लागत नाही.

माझ्या कॉलेजातल्या एका मित्राची गाडी 'म'वर अडायची. त्याला मिसळ जीव की प्राण. कँटीनच्या खिडकीशी मागे वीस जणांची रांग, म्हणून तीन वर्षं तो "इडली" मागून इडली खात आला. आम्हाला वाटायचं, पथ्य असेल.

शेवटच्या वर्षी एक नवा पोरगा गल्ल्यावर आला. अगदी अडाणी. मित्राने कशी कुणास ठाऊक हिंमत केली, "म" वर अडकला, मान वाकडी झाली, मागून कुणीतरी खाकरलं. त्या पोराने "सावकाश" म्हटलं नाही, "मेदूवडा का?" विचारलं नाही, हसलाही नाही. पेन कानावर ठेवून नुसता बघत राहिला. बऱ्याच वेळाने शब्द पुरा झाला, तेव्हा वहीत लिहिता लिहिता त्याने विचारलं,

"पाव किती?"